सर्व्हर तुम्हाला कोण समजतो?

निपाणीतल्या कुठल्याही कर सल्लागाराच्या ऑफिसात महिन्याच्या ११ नाहीतर २० तारखेला संध्याकाळी डोकावलं, तर जीएसटीची विवरणपत्रं भरण्याची घाई चाललेली दिसते. चार-पाच मशिनं, त्यातलं एक ‘मेन’. बाकीच्यांच्या पडद्यावर त्या मेन मशीनवरचंच एखादं फोल्डर उघडलेलं. फाइल उघडते, आकडे दिसतात, बदलताही येतात, आणि सेव्ह म्हटलं की समोर ‘ॲक्सेस इज डिनाइड’. मग फोन जातो. नेटवर्क बघणारा पोरगा मोटारसायकलवरून येतो, मेन मशीनवर त्या फोल्डरवर राइट क्लिक करतो, परवानग्यांच्या यादीत ‘एव्हरीवन’ घालतो, ‘फुल कंट्रोल’पुढे खूण करतो आणि चहा पिऊन जातो. दहा मिनिटांचं काम. सगळ्यांना लिहिता येऊ लागतं, विवरणपत्र वेळेत जातं.

ही पुस्तिका त्या दहा मिनिटांच्या विरोधात आहे.

त्या पोराला नावं ठेवायची नाहीत. त्याला बोलावलंय ते काम चालू करायला, कारण शोधायला नव्हे. आणि कारण शोधण्याचे पैसे आपल्याकडे कुणी देत नाही. पण त्या संध्याकाळी नेमकं काय बिघडलं होतं हे कुणालाच कळलेलं नसतं. म्हणून तीन महिन्यांनी नवं मशीन आलं किंवा विंडोज अपडेट झालं की तोच नकार पुन्हा येतो, आणि या खेपेला ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ आधीच दिलेलं असल्यामुळे पोरगाही गोंधळतो. सगळ्यांना सगळं दिलंय, तरी लिहिता येत नाही. मग राउटर बदलला जातो, केबल बदलली जाते, अँटिव्हायरस काढला जातो. मेन मशीन फॉरमॅट केल्याची उदाहरणंही आहेत.

लिहिण्याची परवानगी नाकारली गेली की आपण लगेच ‘फोल्डरला काय झालं?’ असं विचारतो. विचारायला हवं ते वेगळंच. या घडीला पलीकडचा संगणक मला कोण समजतोय? परवानगी नेहमी कुणाला तरी असते. तो ‘कुणी’ ठरायच्या आधी परवानग्यांच्या खिडकीत केलेला प्रत्येक बदल अंधारातला. पुढच्या सगळ्या पानांचा गाभा एवढाच आहे. बाकीचा तपशील मोठा आहे, पण तो याच्याच मागून येतो.

आपल्याला ही चुकीची सवय कुठून लागली, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

विंडोज ९५ आणि ९८च्या काळात छोट्या ऑफिसात फोल्डर शेअर करताना पासवर्ड फोल्डरलाच लावायची सोय होती. वाचायचा एक, वाचा-लिहायचा दुसरा. ज्याला दुसरा ठाऊक तो लिही. माणूस कोण, याच्याशी संगणकाला देणंघेणं नव्हतं. ऑफिसात पासवर्ड एकमेकांना मोठ्यानं सांगितले जायचे, त्यामुळे तशी ती भिंत नावापुरतीच होती. पण डोक्यात जे चित्र बसलं ते ‘फोल्डरचा पासवर्ड’ असं बसलं, आणि आजही निम्मे लोक तोच शब्द वापरतात. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टची दुसरी शाखा, विंडोज एनटी, १९९३ पासून वेगळ्या तत्त्वावर चालत होती. तिथे प्रत्येक माणसाचं खातं, आणि प्रत्येक फाइलीवर कोणत्या खात्याला काय करता येईल याची यादी. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं तेव्हा घरचा संगणकही पहिल्यांदाच या एनटीच्या कुळात गेला.

गेला, पण ते आपल्याला जाणवू दिलं गेलं नाही. एक्सपीत ‘सिंपल फाइल शेअरिंग’ नावाची सोय होती आणि होम आवृत्तीत ती बंदच करता येत नसे. नेटवर्कवरून येणारा कोणीही असो, त्याला ‘गेस्ट’ या एकाच खात्यात ढकलायचं, असा तो मार्ग. म्हणजे आतून व्यवस्था माणसं ओळखणारी, पण दारात सगळ्यांना पाहुणा म्हणून घ्यायचं. काम सोपं झालं आणि शिकायचं राहून गेलं. पुढे विंडोज ७ मध्ये, १० मध्ये ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा’ हा सल्ला जो घरोघरी पोचला, तो याच सोयीचा वारस. व्हिडिओत सांगतात, खूण काढतात, चालू होतं. चालू होतं म्हणजे काय होतं, तर अनोळखी येणारा पुन्हा ‘गेस्ट’ होतो, आणि ‘एव्हरीवन’च्या यादीत गेस्टही बसत असल्यामुळे त्याला लिहिता येतं.

मग आलं २०१७. मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टनं एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या एका भोकाची दुरुस्ती दिली. एसएमबी म्हणजे विंडोजची मशिनं फोल्डर वाटून घेताना एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात ते नियम. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी ते प्रथम मांडले. दुरुस्ती ज्यांनी बसवली नाही त्यांना १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ या व्हायरसनं गाठलं. एका मशीनवरून दुसऱ्यावर, कुणी काही न उघडता, फायली कुलूपबंद करत तो पसरला. १ जुलैला जीएसटी लागू झाला आणि आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांत एकाऐवजी तीन मशिनं जोडायची पाळी आली. ऑक्टोबरात विंडोज १०चं जे मोठं अपडेट आलं, त्यात एसएमबीची ती पहिली आवृत्ती नव्या मशिनांवर मुळात बसवलीच जाईना. म्हणजे आपण जोडायला निघालो त्याच वर्षी जोडण्याचा जुना रस्ता बंद झाला. स्कॅन केलेला कागद थेट फोल्डरात टाकणारी कितीतरी जुनी झेरॉक्स मशिनं फक्त तीच जुनी भाषा बोलतात. ती त्या वर्षापासून एकेक करून गप्प झाली. लोकांनी मशीन बिघडलं असं समजून मेकॅनिक बोलावले.

दुसरा धक्का अलीकडचा. २०२४च्या अखेरीस आलेल्या विंडोज ११च्या २४एच२ या आवृत्तीत, प्रो मशिनांवर, पाहुणा म्हणून दुसरीकडे शिरणं मुळातच बंद केलं गेलं, आणि दोन मशिनांमधल्या प्रत्येक निरोपावर सही सक्तीची झाली. ही सही पासवर्डातून तयार होणाऱ्या किल्लीनं होते. पाहुण्याला पासवर्ड नाही, म्हणून सही नाही, म्हणून प्रवेश नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा आधार संपला. त्या सुमारास ज्यांनी घाईनं नवी मशिनं घेतली, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना पंधरा-वीस वर्षं चाललेलं शेअरिंग एका दिवसात बंद पडलेलं दिसलं. ‘नवीन विंडोज बेकार आहे’ हे वाक्य तेव्हापासून ऐकू येतं. मला ते पटत नाही. इतकी वर्षं दारात नाव न विचारता आत घेत होते, तेच बेकार होतं.

आता नकार कुठून येतो, ते बघू.

तंबाखूची वखार निपाणीतल्या वाचकाला सांगायला नको. रस्त्यावरचं फाटक वेगळं आणि आत बोदांच्या खोलीचं कुलूप वेगळं. फाटकातून सोडलं म्हणून खोली उघडत नाही. खोलीची किल्ली खिशात असली तरी फाटकावरच अडवलं तर उपयोग नाही. विंडोजमध्ये फाटक म्हणजे शेअरची परवानगी आणि कुलूप म्हणजे एनटीएफएसची, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची परवानगी. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही पार करावी लागतात, आणि दोहोंत जी कडक तीच लागू होते. मेन मशीनवर बसलेला माणूस मात्र आधीच आत असतो, त्याला फाटक लागतच नाही. ‘मेनवर होतंय, बाकीच्यांवर होत नाही’ या तक्रारीचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं असं, की ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’मधून फोल्डर शेअर केलं तर फाटकावर आपोआप ‘एव्हरीवन: रीड’ अशी पाटी लागते. आतल्या खोलीचे सगळे अधिकार देऊनही बाहेरून नुसतं वाचताच येतं ते यामुळे. दोन वेगळ्या खिडक्या, दोन वेगळे टॅब, आणि बहुतेक जण एकाच टॅबमध्ये फिरत राहतात.

दोन्हीकडे का राखण हवी, हा प्रश्न रास्त आहे. जुन्या फॅट डिस्कवर फाइलनिहाय परवानगी ठेवायची सोयच नव्हती, त्यामुळे जे काय अडवायचं ते फाटकावरच अडवावं लागे. एनटीएफएस आल्यावर फाटकाची गरज कमी झाली, पण ते काढलं मात्र नाही. माझा आग्रह असा, की फाटक सैल ठेवावं, म्हणजे ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ना ‘चेंज’ द्यावा, आणि खरी राखण आतल्या कुलपावर करावी. ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’मध्ये गेस्ट येत नाही, म्हणून ‘एव्हरीवन’पेक्षा ते बरं. उलट पद्धतीनं काम करणारेही चांगले जाणकार आहेत. पण दोन्हीकडे थोडं-थोडं अडवणारा माणूस सहा महिन्यांनी स्वतःच विसरतो की कुणाला कुठे अडवलंय.

परवानग्यांच्या या दोन ठिकाणांच्याही आधी ओळख येते, आणि छोट्या ऑफिसात नव्वद टक्के भानगड तिथे असते असं म्हणायचा मोह होतो. आकडा मी मोजलेला नाही, पण मत तेच. आपल्याकडच्या ऑफिसांत डोमेन नसतं, वर्कग्रुप असतो. म्हणजे प्रत्येक मशीनची खात्यांची वही स्वतःची. टेबल नंबर तीनवर ‘ऑफिस’ नावाचं खातं आहे म्हणून मेन मशीन त्याला ओळखत नाही. मेनच्या वहीतही तेच नाव आणि तोच पासवर्ड असेल तर गुपचूप प्रवेश मिळतो. नाव तेच आणि पासवर्ड वेगळा असेल तर नकार मिळतो. नावच नसेल तर पासवर्ड विचारला जातो किंवा, गेस्ट चालू असेल तर, पाहुणा केला जातो. तिन्ही प्रसंग वापरणाऱ्याला एकाच नावाचे वाटतात: ‘शेअरिंग लागत नाही.’

त्यात आपली एक लाडकी सवय भर घालते. मशीनला पासवर्डच ठेवायचा नाही. ‘सकाळी आल्याआल्या कोण टाकत बसणार?’ विंडोजमध्ये मुळातच असा नियम आहे की रिकाम्या पासवर्डचं खातं फक्त त्या मशीनसमोर बसून वापरता येतं, नेटवर्कवरून नाही. म्हणजे सोय म्हणून पासवर्ड काढला आणि तीच अडचण झाली. दुसरीकडे ज्यांनी मायक्रोसॉफ्टचं खातं लावलंय ते रोज चार आकडी पिन टाकतात आणि नेटवर्कनं पासवर्ड विचारला की तोच पिन देतात. पिन त्या एका मशीनपुरता असतो; पलीकडे तो चालत नाही. खरा पासवर्ड दोन वर्षांपूर्वी दुकानदारानं ठेवलेला असतो आणि तो कुणालाच आठवत नाही.

एकदा पासवर्ड ‘लक्षात ठेव’ म्हटलं की तो ‘क्रेडेन्शिअल मॅनेजर’मध्ये जाऊन बसतो. मेनवर पासवर्ड बदलला तरी इकडचं मशीन जुनाच पुढे करत राहतं. शिवाय एका मशीनला एका नावानं जोडलेलं असताना त्याच मशीनला दुसऱ्या नावानं जोडू दिलं जात नाही. आधीची जोडणी तोडावी लागते. म्हणून दुरुस्ती करताना तुम्ही बरोबर खातं दिलं तरी जोडणी जुन्या, कमी अधिकाराच्या खात्यानंच चालू असते, आणि तुम्ही परवानग्या उलथ्यापालथ्या करत बसता. खात्याला गटात नव्यानं घातलं असेल तर तेही पुन्हा लॉगिन केल्याशिवाय लागू होत नाही. रीस्टार्ट केल्यावर ‘आपोआप’ सुटलेल्या कोड्यांत ही दोन कारणं फार असतात. रीस्टार्टला श्रेय देऊ नये.

सर्व्हर, म्हणजे आपलं मेन मशीन, तुम्हाला कोण समजतो हे पाहायला काही विकत घ्यावं लागत नाही. मेन मशीनवर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’ उघडा, ‘शेअर्ड फोल्डर्स’मध्ये जा, ‘सेशन्स’ बघा. कोणत्या मशीनवरून, कोणत्या नावानं कोण जोडलेलं आहे ते तिथे लिहिलेलं असतं. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यापुढे ‘गेस्ट’ दिसलं, तर परवानग्यांच्या खिडकीत पाऊलही टाकू नका. त्याच्याच शेजारी ‘ओपन फाइल्स’ आहे. एखादी एक्सेल फाइल सगळ्यांना ‘रीड ओन्ली’ येत असेल तर ती कुणी उघडी टाकून घरी गेलंय, ते तिथे सापडतं. लाइट गेल्यामुळे मशीन अचानक बंद पडलं की फाइलीशेजारी डॉलरचं चिन्ह असलेली एक छोटी लपलेली फाइल मागे राहू शकते, आणि वर्ड किंवा एक्सेल तिच्यावरून ठरवतं की फाइल अजून त्याच माणसाकडे आहे. तो माणूस तेव्हा जेवायला बसलेला असतो. हा परवानगीचा प्रश्न नव्हेच, पण बोलावणं त्याच नावानं येतं.

एक्सेलवरून आठवलं. पुष्कळ जण नेमस्तपणानं ‘राइट’ देतात आणि ‘मॉडिफाय’ देत नाहीत. लिहू दे, पुसू नको, असा हेतू. हेतू चांगला आहे, पण एक्सेल सेव्ह करताना आहे त्या फाइलीवर लिहीत नाही. ते बाजूला भलत्याच नावाची नवी फाइल बनवतं, जुनी पुसतं आणि नवीला जुनीचं नाव देतं. पुसण्याचा अधिकार नसेल तर सेव्ह अडतं आणि फोल्डरात आठ अक्षरी निनावी फायलींचा कचरा साठत जातो. तोच माणूस नोटपॅडमध्ये मात्र बिनदिक्कत लिहितो. म्हणून चाचणी घेताना एकच कृती करून थांबू नये. नवी फाइल करून बघा, तिच्यात बदल करून बघा, नाव बदलून बघा, पुसून बघा. चारही कृतींचे निकाल वेगळे आले तर कारण जवळजवळ हातात आलं.

फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रीड-ओन्ली’ची एक चौकट असते आणि ती भरलेली दिसते. ती काढणं हा आपल्याकडचा सगळ्यात लोकप्रिय निरुपयोगी उपाय. काढा, ‘ओके’ म्हणा, पुन्हा उघडा, ती परत तिथेच. फोल्डरच्या बाबतीत त्या चौकटीचा लिहिण्याच्या परवानगीशी संबंध नाही. फोल्डरचं रूप खास ठरवलेलं आहे की नाही, एवढ्यासाठी विंडोज ती खूण वापरतं. ही एक ओळ वाचून कुणाची एक दुपार वाचली तरी पुस्तिकेची किंमत वसूल झाली.

आणखी एक चकवा हलवण्याचा आहे. त्याच ड्राइव्हमध्ये फाइल एका फोल्डरातून ओढून दुसऱ्यात टाकली तर ती आपल्या जुन्या परवानग्या बरोबर घेऊन जाते. कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या घेते. त्यामुळे एकाच फोल्डरातल्या शंभर फायलींपैकी सातच उघडत नाहीत, असं घडतं. त्या सात कुठूनतरी ओढून आणलेल्या असतात. दिसायला भुताटकी, कारण इतकं साधं.

निपाणीच्या ऑफिसांची गोष्ट इतर ठिकाणांहून थोडी निराळी आहे आणि ही पुस्तिका इथे लिहिली गेली त्याचं हेही कारण. पुणे–बंगळूर महामार्गावर कोल्हापूर आणि बेळगावच्या दरम्यान बसलेलं हे गाव. ज्याला सगळे निपाणीचं कॉलेज म्हणतात ते देवचंद कॉलेज जागेनं कागल तालुक्यातल्या अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात आहे. त्या बाजूच्या दुकानदाराचा जीएसटी क्रमांक २७ नं सुरू होतो, या बाजूच्याचा २९ नं, आणि दोघांची वही बहुधा एकाच सल्लागाराकडे. हाकेच्या अंतरावर माल गेला तरी तो आंतरराज्य व्यवहार, आयजीएसटीचा. एकाच घरच्या दोन पेढ्या, दोन्हीकडे नोंदणी, नावात फरक नाही. अशा ऑफिसात २७चं बिल २९च्या फोल्डरात पडलं तर ते निस्तरायला महिना जातो. परवानगीचा उपयोग इथे चोर अडवायला नाही, घाईतला हात अडवायला आहे. जो फक्त या बाजूचं काम बघतो त्याला त्या बाजूचं फोल्डर वाचता यावं, लिहिता येऊ नये. ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ दिलं की पहिली गोष्ट हीच जाते.

तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे आणखी एक पदर आहे. शेतकऱ्याकडून घेतलेल्या तंबाखूच्या पानावरचा जीएसटी घेणाऱ्यानं भरायचा असतो, म्हणून खरेदीची प्रत्येक पट्टी नीट नोंदलेली हवी. ती नोंदवणारा वखारीत, तपासणारा गावात, आणि दोघांच्या मध्ये टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. टॅलीला डेटाच्या फोल्डरात वाचण्याबरोबर लिहिण्याचीही मुभा लागते. नाहीतर कंपनी उघडत नाही किंवा मध्येच चूक दाखवते. लोक टॅलीच्या आत वापरणारे नेमतात, कुणाला व्हाउचर पुसता येऊ नये असं ठरवतात आणि निर्धास्त होतात. पण ते निर्बंध टॅलीच्या आतले. ज्या पोराला टॅलीत एक व्हाउचर पुसता येत नाही, त्याच पोराला एक्सप्लोरर उघडून अख्ख्या कंपनीचं फोल्डर पुसता येतं, कारण विंडोजनं त्याला तिथे लिहायला दिलेलं आहे, आणि द्यावंच लागतं. डेटाचं फोल्डर नजरेआड ठेवायचं तर टॅलीप्राइम सर्व्हर ही वेगळी वस्तू घ्यावी लागते. ती परवडत नसेल तर रोजचा बॅकअप अशा जागी हवा की जिथे या पोराला लिहिता येत नाही.

नेटवर्कवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. हे वाक्य मी सुटं ठेवतो.

काही ऑफिसांनी मेन मशीनऐवजी भिंतीला टांगायचा नॅसचा, म्हणजे नेटवर्कवरून फायली साठवायचा, डबा घेतलाय. त्याच्या पोटात बहुधा लिनक्स असतं आणि त्यावर साम्बा चालतं. हे साम्बा अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२च्या सुमारास कॅनबेरात विद्यार्थी असताना लिहायला घेतलं. केबलवरून जाणारे निरोप बघून समोरचा सर्व्हर काय बोलतो ते त्यांनी ताडलं आणि तसंच बोलणारा प्रोग्रॅम बनवला. आज जगभरातल्या असल्या डब्यांचा तो कणा आहे. पण त्याचा स्वभाव संशयी. शेअर नव्यानं केलं तर ते मुळात फक्त वाचण्यापुरतं असतं, लिहू देण्याचं वेगळं सांगावं लागतं. ते सांगितलं तरी एकानं बनवलेली फाइल दुसऱ्याला बदलता येत नाही, कारण नवी फाइल बनवताना साम्बा मूळ स्थितीत मालकाखेरीज कुणाला लिहायची मुभा ठेवत नाही. मग ऑफिसात संशय सुरू होतो, ‘तिनं मुद्दाम लॉक केलंय.’ तिनं काही केलेलं नसतं. गट एक ठरवून त्या गटाला लिहू द्यायचं असतं. ते कसं, हे पुस्तिकेच्या चौथ्या भागात आहे, आणि तो भाग मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटतो.

याच डब्यावर मराठी आणि कानडी लिहिणाऱ्यांना एक खास अडचण भेटते, जी इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्कवर फाइलीचं नाव २५५ बाइटपर्यंत चालतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट; देवनागरीत अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार, हलंत यांतल्या प्रत्येकाला तीन. ‘निपाणी’ या नावालाच १८ लागतात. कानडीचा हिशेबही हाच. म्हणजे नाव ८५ चिन्हांत बसलं पाहिजे. विंडोजच्या डिस्कवर हेच नाव निमूट बसतं, कारण तिथे मोजणी वेगळी. नगरपालिकेला दिलेल्या अर्जाचा विषय जसाच्या तसा फाइलीला नाव म्हणून देणारे लोक आहेत. मेनवर ती फाइल वर्षभर नांदते आणि नॅसवर कॉपी करताना नकार येतो. पुन्हा धाव परवानग्यांकडे. नाव लहान करा.

‘एव्हरीवन’च्या विरोधात बोलताना लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात. ऑफिसात आम्ही चौघं, सगळे घरचे, लपवायचं कुणापासून? लपवायचं कुणापासूनच नाही. पण फायली कुलूपबंद करणारा व्हायरस ज्याच्या मशीनवर येतो, त्याच्या नावानं जिथे जिथे लिहिता येतं तिथे तिथे तो लिहितो. चौघांना सगळीकडे लिहिता येत असेल तर चौघांतल्या कुणाच्याही एका चुकीच्या क्लिकची किंमत सगळं ऑफिस. शिवाय फाइल कुणी बदलली हे विचारायची वेळ आली तर ‘गेस्ट’ हे उत्तर कुणाच्या उपयोगाचं?

पुस्तिकेत काय नाही तेही सांगायला हवं. डोमेन, ॲक्टिव्ह डिरेक्टरी, मोठ्या बँकांची किंवा साखर कारखान्याची जाळी यांना इथे हात लावलेला नाही. तिथे नेमलेली माणसं असतात. क्लाउडवरच्या फोल्डरांचे नियम वेगळे आहेत आणि तेही वगळले आहेत. पंधरा-वीस मशिनांपर्यंतचं ऑफिस, दुकान, वखार, छापखाना, शाळेची संगणक खोली एवढा हा मुलूख. शब्द विंडोजच्या पडद्यावर जसे इंग्रजीत दिसतात तसेच ठेवलेत, कारण बटण शोधताना तेच लागतात.

शेवटी जोडलेला कोरा तक्ता मात्र दुरुस्तीच्या आधी भरायचा आहे, नंतर नाही. मशीनचं नाव, त्यावरचं खातं, त्या खात्याची मेनवरची नोंद, गट, आणि कोणत्या फोल्डरात वाचायचं की लिहायचं. पासवर्ड त्यात लिहायचे नाहीत. परवानग्या बदलायच्या आधी आहेत त्या स्थितीची नक्कल ‘आयकॅक्ल्स’ या आज्ञेनं एका फाइलीत साठवता येते आणि बिघडलं तर ती परत लावता येते. तिची रीत तक्त्याच्या पाठीमागे छापली आहे. तक्ता पेन्सिलीनं भरा, कारण पोरं नोकरी बदलतात, आणि गेलेल्याचं खातं त्याच दिवशी बंद करायचं असतं.